काळी चार, पांढरी पाच

“आता बेरीज कर,” इंदू म्हणाली.

अलकानं खडू उचलला. मिरजेच्या किल्ला भागातल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आमच्या भजनी मंडळाचा सराव चालायचा. फळ्यावर कुणीतरी अर्धा मोर काढून ठेवला होता. तो न पुसता उरलेल्या जागेत अलकानं दोन फंडांचे दोन रकाने आखले होते. एकावर ‘आपला’ असं लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘विश्रामबाग’. डाव्या बाजूला आकड्यांची नावं होती आणि त्यातलं एकही नाव आम्हा बायकांपैकी कुणाला कळत नव्हतं. प्रमाण विचलन. बीटा. ट्रॅकिंग एरर. खर्चाचं प्रमाण.

“आपलं विचलन अठरा पूर्णांक दोन. बीटा एक. एरर शून्य पूर्णांक दोन. खर्च अर्धा.” अलका पुटपुटत मिळवत गेली. “एकोणीस पूर्णांक नऊ.”

मग दुसरा रकाना. तिथं विचलन जरा कमी, सतरा आणि वर काहीतरी. बीटाही एकाच्या आत. पण एरर दोनाच्या पुढं आणि खर्चही एकाच्या पुढं. “एकवीस पूर्णांक सहा,” ती म्हणाली आणि त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

बायजाक्का टाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, पण निकाल काय लागला ते चेहऱ्यांवरून बरोबर ओळखायच्या. “गेला की गं आपला,” त्या म्हणाल्या. “दुसरा नंबर.”

शार्प नावाचा आणखी एक आकडा कागदावर होता. त्याच्या अलीकडं उण्याची खूण होती. तो आम्ही सोडूनच दिला. भजनस्पर्धेत उणे गुण कुणी कुणाला देत नाही.

मी हळूच विचारलं, की खर्चसुद्धा मिळवायचा का. अलकानं फळ्याकडं पाहिलं.

“मिळवायचा की, काकू. जास्त खर्च करतात म्हणजे लक्षही जास्त देत असतील.”

सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं.

आम्ही काही अडाणी नव्हतो. अलका खोत एका हायस्कुलात मोठी कारकून होती. इंदू, म्हणजे इंदुमती आरवाडे, कन्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाली होती. मी चारचौघींसारखा संसार केला, पण माझे वडील सतारमेकर गल्लीत पेट्या दुरुस्त करायचे आणि बोटं पेटीवर फिरायला लागली ती फ्रॉकात असल्यापासून. फक्त इतकंच, की आयुष्यात आम्ही गुणांचे तक्ते पाहिले ते भजनस्पर्धेचे. सूर, ताल, पाठांतर, साथ आणि शिस्त, म्हणजे सगळ्यांच्या साड्या एका रंगाच्या आहेत की नाहीत ते. एवढे रकाने असायचे. त्यांची बेरीज व्हायची आणि ज्या मंडळाची बेरीज मोठी ते ढाल घेऊन घरी जायचं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं रकाने वाचतात हे आमच्या मनातही आलं नाही.

मंडळाचे पैसे त्या फंडात कसे गेले तेही सांगायला हवं. बिदागीतले, बक्षिसातले असे वर्षानुवर्षं साठत आलेले पैसे होते. मंडळाची स्वतःची एक खोली घ्यायची, म्हणजे मोराशेजारी बसून गावं लागणार नाही, असं स्वप्न होतं. मगदूम म्हणून एक गृहस्थ विमा आणि फंडांची कामं करायचे. त्यांची आई आमच्या मंडळात होती, म्हणून ते घरच्यासारखे. त्यांनी सुचवलं, निर्देशांकाच्या फंडात ठेवा. तो स्वतःचं डोकं चालवत नाही. मोठ्या मोठ्या पन्नास कंपन्यांचा मिळून बाजाराचा जो निर्देशांक असतो, तो जिकडं जाईल तिकडं हा पाठोपाठ जातो. इंदूला ते फार आवडलं होतं. शहाणपणा न करणारा कुणीतरी मिळतोय, तर घ्या, असं ती म्हणाली होती. पैसे तिच्या आणि माझ्या अशा दोघींच्या नावावर ठेवले. काढायचे तर दोघींची सही लागायची.

त्या वर्षी बाजार पडला. चांगला चौथा हिस्सा उतरला आणि आमचा फंडही तेवढाच उतरला. तेही आम्ही सोसलं असतं. पण चैत्राच्या हळदीकुंकवाला सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या भजनी मंडळाच्या बायका भेटल्या. त्यांचेही पैसे निर्देशांकाच्याच फंडात होते, दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या, पण निर्देशांक तोच. आणि त्यांचा कमी पडला होता. त्यांच्यातली एक कैरीची डाळ खाता खाता म्हणाली, “आमचा फंड जरा सांभाळून चालतो बाई.” ते ‘सांभाळून’ आमच्या अलकाच्या जिव्हारी लागलं. तिनं मगदूमांकडून दोन्ही फंडांचे कागद मागवले आणि फळ्यावर बेरीज झाली.

ठराव झाला. पैसे विश्रामबागवाल्यांच्या फंडात हलवायचे. जयसिंगपूरची स्पर्धा तोंडावर होती, ती झाली की मगदूम कागद घेऊन येतील आणि आम्ही दोघी सह्या करू. इंदू एवढंच म्हणाली, की बहुमत आहे तर करू. तिचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी सरावात तिचा आवाज दोनदा अडकला होता आणि दोन्ही वेळा तिनं खोकल्याचं निमित्त केलं होतं.

बाकीच्या गेल्यावर अलका माझ्यासाठी फाटकापाशी थांबली. मी पेटीला गवसणी घालून येईपर्यंत ती तिथल्या नळाची तोटी उघडबंद करत होती. तिचा आवाज मोठा, स्वच्छ, आणि स्वभावही तसाच. आडून काही बोलायची नाही.

“काकू, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“इंदूताई घसरतात तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर जाता. बरोबर ना?”

ते खरं होतं. मुख्य गाणारी इंदू. गेली दोन-तीन वर्षं ती काळी चारच्या पट्टीत सुरू करायची आणि दुसऱ्या कडव्याला वरच्या षड्जापाशी पोचता पोचता आवाज ढिला पडायचा. खाली परत यायची ती अर्ध्या सुरानं उतरलेली असायची. म्हणजे पेटीवर बघायचं तर काळी चारवरून शेजारच्या पांढरी पाचवर. तिला ते कळायचं नाही. मग मी हळूच बोटं सरकवायची. पट्टी बदलली की सगळी बोटं बदलतात, काळ्या जागी पांढरी आणि पांढऱ्या जागी काळी. पण तिच्या पाठीमागं मी वीस-पंचवीस वर्षं वाजवत होते. ती श्वास कुठं घेणार हे मला तिच्याआधी ठाऊक असायचं.

“तुम्ही जाता म्हणून त्या जातात,” अलका म्हणाली. “तुम्ही धरून ठेवा की. पेटी जाग्यावर राहिली तर त्या ऐकतील आणि परत येतील. पट्टीचा आधार कशाला असतो मग?”

मी म्हटलं, तसंही असेल.

“आणि काकू, बायकांचं ठरलंय. या खेपेला नीट झालं नाही तर पुढच्या वेळेपासून मी म्हणणार. मी सांगितलेलं नाही कुणाला, त्याच म्हणतात. तुम्ही पट्टी सोडली नाहीत तर कदाचित ती वेळच येणार नाही.” तिनं नळाची तोटी घट्ट बंद केली. “मला काय हौस नाही त्यांना खाली बसवायची.”

ते तिनं मनापासूनच म्हटलं होतं. मी तिला शब्द दिला, या खेपेला पट्टी सोडणार नाही.

घरी जाताना माझ्या डोक्यात सगळी खिचडी झाली होती. खाली जाताना बरोबर जाणारा फंड वाईट, म्हणून तो बदलायचा. खाली जाताना बरोबर जाणारी पेटी वाईट, म्हणून ती जाग्यावर ठेवायची. दोन्हींकडं हिशेब जुळत होता, सरळ होता, आणि तरी मला कुठंतरी खुपत होतं. कुठं ते सापडेना. रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं.

जयसिंगपूरला एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. दुपारची वेळ, पत्र्याचं छप्पर, आणि समोर इतर मंडळांच्या बायका रंगीबेरंगी साड्यांचे ताटवे करून बसलेल्या. आमचा नंबर जेवणानंतर आला, आणि जेवणानंतरचा नंबर कुणालाच नको असतो. परीक्षक दोन होते. त्यातले एक पेंगत असावेत असं बायजाक्कांचं म्हणणं होतं.

बसण्याची आमची रीत ठरलेली होती. मधे इंदू, तिच्या उजवीकडं मी पेटी घेऊन, डावीकडं तबल्याला सांगलीहून बोलावलेले गृहस्थ, आणि मागं दोन रांगांत बाकीच्या. इंदू ओळ म्हणायची आणि मागच्या ती झेलायच्या. तिनं सांगितलेल्या ओळीत जेवढं आहे तेवढंच म्हणायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. मागून कुणी गळ्याची हरकत घेतली की इंदू नंतर तिच्याकडं असं बघायची की ती आठवडाभर गप्प.

काळी चार. तबलाही त्यावरच मिळवलेला. पहिलं कडवं सुरेख झालं. इतकं सुरेख, की मला वाटलं आज ती वेळ येणारच नाही. समोरच्या एक-दोघींनी माना हलवल्या. दुसऱ्या कडव्याला इंदूनं डोळे मिटले, हात वर नेला, आणि वरच्या षड्जाला आवाज लावला.

तो लागला नाही. म्हणजे अगदी फाटला असं नाही, पण जिथं जायचा तिथं पोचला नाही. कुणी जिना चढताना शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसा तो आवाज जरा हलला, आणि ती खाली आली ती पांढरी पाचवर.

माझी बोटं काळी चारवरच होती. मी शब्द दिला होता. मी जोर देऊन काळी चार दाबून धरली. ती ऐकेल, परत येईल. मागून अलकानं ओळ झेलली ती नेमकी काळी चारमध्ये, स्वच्छ आणि ठाम. अलका बरोबर होती. पेटी बरोबर होती. तबला बरोबर होता. त्या एवढ्या बरोबर आवाजांच्या मधे इंदूचा एक आवाज उघडा पडला होता, आणि तिनं डोळे उघडले.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. विचारल्यासारखं बघितलं, की काय झालं गं, कुठं गेलात सगळ्या.

बोटं कधी सरकली ते मला आजही सांगता यायचं नाही. ती पुढची ओळ म्हणायला लागली तेव्हा मी पांढरी पाचवर होते. तबलजींनी एकदा मान वर करून पाहिलं, आणि मग उजव्या हाताचं काम कमी करून सगळं डग्ग्यावर घेतलं, म्हणजे न जुळणारा सूर फार वाजू नये. मागच्या बायका पेटीकडं कान देऊन होत्या, त्या एकेक करून उतरल्या. एक ओळभर अलका एकटीच वर राहिली, भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखी. मग तीही आली.

ढाल विश्रामबागवाल्यांनी नेली. आम्हाला सुराच्या रकान्यात इतके कमी गुण होते की बायजाक्कांनी तो कागद उलटा तर धरला नाही ना, असं विचारलं. साथीच्या रकान्यात मात्र त्या दिवसातले सगळ्यात जास्त गुण आम्हाला होते. ते बघून अलका माझ्याकडं न बघता म्हणाली, “घ्या. साथ उत्तम.”

परतीला ट्रॅक्स गाडीत कुणी गायलं नाही. एरवी जयसिंगपूर ते मिरज आम्ही गात यायचो. इंदू पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती आणि तिच्या अंबाड्यातला अबोलीचा गजरा खिडकीच्या वाऱ्यानं एकेक फूल सोडत होता. मला तिची समजूत काढायची होती, अलकाची क्षमा मागायची होती, आणि मी नेमकं काय केलं तेही कुणाला तरी विचारायचं होतं. मी तिला सावरलं होतं, का खाली ओढलं होतं? अलकाचं म्हणणं खरं असेल तर मीच गेली तीन वर्षं इंदूला घसरायला शिकवत होते.

पुढच्या बैठकीला मगदूम आले. सह्यांचे कागद त्यांच्या बॅगेत होते. बॅग ठेवून त्यांनी आधी चिवड्याची बशी पुढं ओढली. सगळ्या जणी होत्या, आणि सगळ्यांना माहीत होतं की आज फंडाबरोबर दुसराही विषय निघणार. अलका भिंतीला टेकून बसली होती. ती बोलायला तयार नव्हती आणि तिच्या शेजारच्या दोघी तिला कोपरानं ढोसत होत्या.

मगदूमांनी सहज विचारलं, की एवढं हलवायचं कारण काय झालं. अलकानं बेरजा सांगितल्या.

मगदूमांचा हात बशीतच राहिला. “बेरीज? विचलनात बीटा मिळवला?”

“आणि खर्च,” मी म्हटलं.

“आणि एरर,” बायजाक्का म्हणाल्या. त्यांना तेवढं बरोबर ऐकू आलं होतं.

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पण त्यानंतर त्यांनी जे समजावलं त्यानं आमचा उरलासुरला गोंधळ पुरा झाला. विचलन म्हणजे सरासरीच्या वर-खाली किती झोके जातात ते. बीटा म्हणजे बाजार एक पाऊल हलला तर हा किती हलतो ते. शार्प म्हणजे घेतलेल्या जोखमीच्या मानानं मिळालं काय ते. हे कमी असावं, ते जास्त असावं, आणि अमुक तर एकाच्या जवळ असावं, कमीही नको आणि जास्तही नको. एकीनं विचारलं, की मग एकूण किती गुणांपैकी हे. मगदूमांनी घाम पुसला.

इंदू इतका वेळ खिडकीपाशी बसून ऐकत होती. स्पर्धेनंतर ती पहिल्यांदाच आली होती. तिनं तिथूनच विचारलं, शाळेत पोरांना विचारायची तसं.

“मगदूम, हे जे झोके म्हणता, ते कुणाचे? फंडाचे का बाजाराचे?”

“बाजाराचेच, बाई. निर्देशांक जेवढा हलतो तेवढाच हा हलणार. त्याचे स्वतःचे झोके नाहीतच.”

“मग त्यात याचा गुणही नाही आणि दोषही नाही.”

“नाही.”

“आणि तो एरर?”

“ते मात्र त्याचं स्वतःचं. निर्देशांकाची वाट सोडून हा किती भरकटतो, ते. जितका कमी तितका चांगला. खरं विचाराल तर असल्या फंडाची परीक्षा तीच. ते आणि खर्च, दोन्ही कमी पाहिजेत.”

फळ्याकडं सगळ्यांच्या नजरा गेल्या. तिथं आता आंब्याची फोड काढलेली होती, पण आमच्या डोळ्यांपुढं तेच दोन रकाने आले. विश्रामबागवाल्यांचा फंड पहिला आला होता तो नेमक्या त्याच दोन आकड्यांवर.

“मग पडताना त्यांचा कमी पडला तो कसा?” अलकानं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“त्यांनी थोडे पैसे बाजारात न लावता रोख बाजूला ठेवले होते, ताई. बाजार पडला तेव्हा ते बाजूचे पैसे पडले नाहीत.”

“आणि त्याच्या आदल्या वर्षी, चढता होता तेव्हा?” इंदूनं विचारलं.

“तेव्हा ते चढले पण नाहीत. चांगला मागं राहिला होता तो. माझ्याकडं कागद आहे.”

“म्हणजे तो बरोबर नव्हताच. ना चढताना, ना उतरताना.”

“पण पडताना वाचवलं की,” अलका म्हणाली. “ते काहीच नाही का?”

मला तिचं बोलणं बरोबर वाटलं. मगदूमांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी आधी मान डोलावली. मग म्हणाले, की वाचवायचं असेल तर त्यासाठी दुसरे फंड असतात, त्यांचं काम वेगळं. कधी वाचवतात, कधी भलतीकडंच जातात. हा पाठोपाठ जायला घेतलाय. त्यानं मधेच स्वतःचं काही ठरवलं तर आज बरं वाटेल, पण उद्या तो कुठं असेल हे तुम्हाला सांगता येणार नाही.

कुणाला किती कळलं देव जाणे. मला वाटतं, कुणालाच फारसं कळलं नव्हतं. मगदूमांनी कागद पुढं सरकवला आणि खिशातलं पेन काढून इंदूकडं धरलं.

इंदूनं ते घेतलं नाही. ती अलकाकडं बघत होती.

“पाहिजे तर निर्देशांक बदला,” ती म्हणाली. “फंड तोच राहू दे.”

मगदूम गडबडले. बाई, निर्देशांक असा आपल्याला बदलता येत नाही, असं काहीतरी ते सांगायला लागले. पण इंदू उठली होती. खिडकीपासून मधे आली, आपली बसायची घडीची सतरंजी उचलली, मागच्या रांगेत बायजाक्कांशेजारी नेऊन अंथरली आणि तिच्यावर बसली.

“ये गं,” तिनं अलकाला मधली जागा दाखवली. “शके, तिची पट्टी काय ते विचारून घे.”

शकुंतला माझं नाव. शके म्हणणारी ती एकटीच उरली होती.

अलका उठेना. तिचा चेहरा रडवेला झाला होता. ज्यांनी तिला कोपरानं ढोसलं होतं त्याच दोघी आता जमिनीकडं बघत होत्या. शेवटी बायजाक्कांनीच टाळ वाजवून तिला उठवलं. ती मधे येऊन बसली. मी पट्टी विचारली. ती म्हणाली, “काळी चारच, काकू,” आणि आम्ही सुरू केलं.

मी इंदूकडं बघायचं टाळत होते. पण मागून येणाऱ्या आवाजांत तिचा आवाज मला वेगळा काढता येत होता. अलका ओळ सांगायची आणि इंदू ती झेलायची, जेवढी सांगितली तेवढीच. जन्मभर गाण्यातल्या ज्या जागा तिनं स्वतः घेतल्या होत्या त्यातली एकही तिनं मागून घेतली नाही. वरच्या षड्जापाशी ती नुसते ओठ हलवायची. मगदूम पेन खिशात घालून, चिवडा संपवून गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इंदू त्यानंतर बरीच वर्षं होती. बाजार पुढं चढला, परत पडला, परत चढला, आणि आमचा फंड त्याच्या सावलीसारखा मागं मागं जात राहिला. खोली झाली, लहानशी, पण आमची. तिच्या भिंतीवर कुणी मोर काढत नाही.

एकदा, तिचं दुखणं वाढल्यावर, मी तिच्या पलंगाशेजारी बसून डाळिंब सोलत होते. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते मी विचारलं. त्या दिवशी जयसिंगपूरला मी काळी चार धरून ठेवली असती तर तू परत आली असतीस का.

तिनं डोळे मिटले. झोप लागली असं मला वाटलं.

“आले असते. किंवा नसते आले. ते कुणाला सांगता येतंय,” ती म्हणाली. मग डोळे मिटूनच म्हणाली, “तू आधी एक ओळभर धरली होतीस ना? तेवढ्यात मला पेटी ऐकू आली. कुणीतरी दुसरंच वाजवतंय असं वाटलं. एरवी तुझी पेटी मला कधी ऐकूच आली नाही, शके.”

हे कौतुक होतं का तक्रार होती, ते मला कळलं नाही. विचारीन म्हणता म्हणता राहून गेलं.

आता मला खाली बसवत नाही. खुर्चीवर बसते आणि पेटी टेबलावर ठेवतात. अलकाचे केस पिकलेत, मधे ती अजून बसते, आवाज अजून मोठा आहे. परवाच्या सरावाला तिनं नेहमीप्रमाणे काळी चार सांगितली. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला तिनं हात वर नेला आणि मला तिचा श्वास ऐकू आला, नेहमीपेक्षा जरा आधी घेतलेला.

मी डोळे तिच्या ओठांवर ठेवले आणि बोटं पांढरी पाचच्या वर नेऊन धरली, न दाबता.